ट्रॅजेडी या शब्दाचा मूळ अर्थ काय? ट्रॅजेडी म्हणजे शोकांतिकाच ना?

शब्दशः अर्थ सांगितला तर पटकन विश्वास बसत नाही: बोकडाचं गाणं. ग्रीकमध्ये त्रागोस म्हणजे बोकड, ओडे म्हणजे गाणं. आता नाटकात बोकड कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाहीये, कुणी म्हणतं स्पर्धेत बक्षीस म्हणून बोकड द्यायचे, कुणी म्हणतं बोकडाचा बळी देताना गायचे, तर कुणी म्हणतं गाणारे सॅटरचं, म्हणजे पुराणकथांमधल्या अर्ध्या माणूस-अर्ध्या बोकडांचं, सोंग घ्यायचे. मला बळीचं मत जास्त जवळचं वाटतं कारण हे सगळं चालायचं देवाच्या उत्सवातच.

तो देव डायोनायसस, द्राक्षांचा आणि वाइनचा. अथेन्सला वसंतात त्याचा मोठा उत्सव असायचा, अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर उघड्यावर नाटकं व्हायची, तीन नाटककार, प्रत्येकाच्या तीन ट्रॅजेडी आणि वर एक सॅटर नाटक, म्हणजे सॅटरांच्या कोरसचं हलकंफुलकं नाटक, मग निकाल. सुरुवातीला कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, आणि एकच नट. ईस्किलस या नाटककाराने दुसरा नट आणला, सोफोक्लीजने तिसरा. दुसरा नट आला म्हणजे दोन माणसं समोरासमोर वाद घालायला लागली, माझ्या मते खरं नाटक तिथून सुरू होतं.

एक गोष्ट सांगतोच. इ.स.पू. ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस शहर घेतलं, अथेन्सकरांना ते आपल्या माणसांचं शहर वाटायचं. फ्रिनिकस या नाटककाराने त्यावर नाटक केलं तर इतिहासकार हेरोडोटस लिहितो की सगळं थिएटर रडलं, आणि मग लोकांनी नाटककारालाच १००० द्राख्मा दंड ठोकला, आपलंच दुःख परत दाखवलंस म्हणून, वर हे नाटक पुन्हा कुणी करायचं नाही असा हुकूम! आज हाती असलेल्या ग्रीक ट्रॅजेडी जवळजवळ सगळ्या जुन्या पुराणकथांवरच्या आहेत, ताज्या घटनेवरचं एकच नाटक उरलंय, ईस्किलसचं 'पर्शियन्स', इ.स.पू. ४७२ चं, आणि त्यातही रडणारे अथेन्सचे लोक नाहीत, हरलेले इराणी आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शोकांतिका हा शब्द सुंदर आहे पण तो शेवटावर बोट ठेवतो, शेवट शोकाचा तर शोकांतिका. मूळ शब्दात शेवटाबद्दल काहीच नाही. युरिपिडीस या ग्रीक नाटककाराच्या एका नाटकात इफिजेनिया परक्या देशात देवीची पुजारीण आहे, तिथे आलेल्या परक्याचा बळी द्यायचा ही रीत, आणि समोर उभा केलेला परका तिचाच भाऊ ओरेस्टिस, दोघांनाही माहीत नाही. ओळख पटते ती एका पत्रातून, अगदी ऐन वेळी, आणि दोघं सुटून पळतात. कुणी मरत नाही तरी ही ट्रॅजेडीच, आणि ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने उत्तम प्रसंगांमध्ये या ओळखीचं नाव घेतलंय.

अजून एक. ट्रॅजेडीच्या नायकाबद्दल अ‍ॅरिस्टॉटल हमार्तिया हा शब्द वापरतो, कॉलेजात आम्हाला हमार्तिया म्हणजे नायकाचा दुर्गुण असं लिहून दिलं होतं, मीही पेपरात तेच लिहून आलो. पण या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे, बाण किंवा भाला निशाण्याला न लागणं. सोफोक्लीजच्या नाटकातला इडिपस बापाला मारतो ते तो बाप आहे हे माहीत नसताना, आणि बापाला मारशील हे भविष्य टळावं म्हणूनच तो घर सोडून निघालेला असतो. दुर्गुण शोधत वाचलं की हे हातातून निसटतं, माझं तसंच झालं होतं, दुसऱ्यांदा वाचताना कळलं.