एक एप्रिल आणि ब्रह्मदेवाची फजिती

प्रश्न : मी लहान मुलांचा संस्कारवर्ग घेते. गेल्या १ एप्रिलला मुलांनी सारा तास एकमेकांना 'फूल' करण्यात घालवला. त्यावरूनच देवाची एखादी गोष्ट सांगावी, असं मनात आलं. पण एक पालक म्हणाले, ज्या दिवसाचा धर्माशी काही संबंध नाही, त्याला देव कशाला चिकटवता? त्यात एका मुलीने विचारलं, "खोटं बोललं की पाप लागतं ना?" मी गप्प राहिले. काय सांगायला हवं होतं?

उत्तर : ताई, नाथमहाराजांनी विंचू चावल्याचं भारूड रचलं, तेव्हा विंचवाचा तरी धर्माशी काय संबंध होता? लोक ज्यावर हसतात, ओरडतात, तिथूनच त्यांनी माणसाला काम-क्रोधापर्यंत आणून सोडलं. त्यामुळे संकोच नको. गोष्ट मात्र अशी निवडा की १ एप्रिल नसता तरी ती तितकीच रंगली असती.

मी बत्तीस वर्षं कीर्तन करते आहे. एका १ एप्रिलला कीर्तनाला उभं राहायच्या आधी एक मुलगा धावत आला, "पेटीचा भाता फाटलाय!" माझ्या पोटात गोळा आला, हात गार पडले. दोन मिनिटांनी तो हसला. भाता धड होता, पण माझे गार पडलेले हात खरे होते. अंधारात दोरीला साप समजून घाबरणाऱ्या माणसाचा दृष्टान्त मी शेकडो वेळा सांगितला असेल. तो मला कळला त्या संध्याकाळी. त्या दिवशीचं निरूपण मी त्यावरच केलं आणि त्या मुलाला पुढे बसवलं.

त्या मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, तो टाळू नका. फसवणूक करणाऱ्याला आपलं खोटं कायम झाकून ठेवायचं असतं. थट्टा करणाऱ्याला मात्र ते उघडं करायची घाई झालेली असते. उघडं केल्याशिवाय त्याची थट्टा पुरीच होत नाही. आणि उघडं झाल्यावर समोरचं मूल रडत असेल, तर ती थट्टा नव्हे. तिथे माफीच मागायची.

मुलांसाठी माझी लाडकी गोष्ट भागवताच्या दशम स्कंधातली. कृष्णाची परीक्षा पाहायला ब्रह्मदेवाने वासरं आणि गोपाळ पळवून लपवले. कृष्णाने आरडाओरडा केला नाही. तो स्वतःच सगळी वासरं झाला, सगळे गोपाळ झाला, आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी गेला. असं एक वर्ष चाललं. ब्रह्मदेवाच्या हिशेबाने क्षणही सरला नव्हता. तो परत येऊन बघतो तर लपवलेले तिकडे आहेत आणि इथेही सगळे खेळताहेत! खरे कोणते, हे त्यालाच कळेना. फसवायला आलेला फसला. कृष्णाने त्याला हिणवलं नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.

गोष्ट एका बैठकीत संपवू नका. वर्ष भरायला पाच-सहा रात्री उरल्या असताना गोवर्धनावर चरणाऱ्या गाईंना खाली वासरं दिसली. दूध सुटलेली, मोठी झालेली वासरं. तरी गाई चारा टाकून उतारावरून धावत सुटल्या. बलराम ते पाहून चमकला. इथे थांबा आणि मुलांना विचारा, त्याला कसला संशय आला असेल?