गाडी जुनी आहे, पण तीच आहे का?

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी मी १९६०च्या दशकातली एकआसनी रेसकार घेतली. हीच चॅसी (गाडीचा सांगाडा) त्या काळी शर्यतींत धावली आणि इंजिन मूळचं आहे, असं विक्रेत्याने लेखी दिलं होतं. रंग खरवडल्यावर पुढच्या अर्ध्या सांगाड्याच्या नळ्या वेगळ्या निघाल्या. चॅसी नंबरच्या पट्टीचे रिव्हेटही नवे आहेत. विक्रेता म्हणतो, 'जशी आहे तशी विकली.' गाडी परत करू, की रिस्टोरेशन पुढे नेऊ?

उत्तर : आधी गॅरेजला फोन करून काम थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

कारण सांगतो. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे, असं मालविक्री कायदा, १९३०चं कलम १५ म्हणतं. ती तशी नसेल तर नाकारता येते. पण कलम ४२ नुसार, मालक विक्रेताच आहे या गृहीताशी विसंगत असं काही तुम्ही त्या वस्तूचं केलंत, किंवा नकार न कळवता ती वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतलीत, तर ती स्वीकारली असं धरलं जातं. मग गाडी परत करण्याचा हक्क सहसा जातो आणि फक्त नुकसानभरपाई मागता येते. रंग उतरवून बघणं ही तपासणी होती, असं मी कोर्टात म्हणू शकेन. नळ्या कापून नव्या बसवल्यात, तर तसं म्हणायला तोंड राहणार नाही. शिवाय पुरावाही भंगारात जाईल. पाच महिने झालेच आहेत. आणखी दवडू नका.

आता गाडीकडे वळू. नव्या रिव्हेटवरून लगेच फसवणूक ठरवू नका. सीमेवरच्या कागदपत्रांशी नंबर जुळावा म्हणून शर्यतीचे संघच या पट्ट्या एका गाडीवरून दुसरीवर लावत. अपघातानंतर पुढचा सांगाडा बदलणंही नेहमीचंच होतं. प्रश्न इतकाच, की तो बदलला कधी? ती गाडी शर्यतीत असतानाच बदलला असेल, तर तो तिच्या इतिहासाचाच भाग. नंतर कुणी नुसत्या पट्टीभोवती दुसरीच गाडी बांधली असेल, तर वर्णन खोटं. जोड पाहून बरंच कळतं : त्या काळी अनेक ब्रिटिश कारखाने नळ्या ब्राँझने ब्रेझ करत (ब्राँझ वितळवून जोडत), तुमच्या पुढच्या नळ्यांना टिग वेल्डिंग (नंतर रूढ झालेलं विजेचं वेल्डिंग) निघालं, तर विक्रेत्याला बरंच काही समजावून सांगावं लागेल.

यावर १९९०चा इंग्लंडमधला एक निकाल वाचण्यासारखा आहे. १९२९ आणि १९३० साली फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली सुमारे एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं आणि ही ती गाडीच नव्हे, म्हणून खरेदीदार मागे फिरला. १९२९च्या गाडीचं तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं, हे खरंच होतं. तरीही न्यायाधीश ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडी 'मूळची' म्हणता येणार नाही, पण तिचा प्रवास कुठे तुटलेला नाही, म्हणून ती अस्सल 'ओल्ड नंबर वन'च, असं ते म्हणाले. आपल्या न्यायालयांवर हे बंधनकारक नाही. मात्र आपला मालविक्री कायदा इंग्लंडच्या १८९३च्या कायद्यावरच बेतलेला आहे, त्यामुळे वजन पडतं.

'जशी आहे तशी' हे शब्द गंज, झीज, बिघाड यांच्यासाठी. ओळखच वेगळी निघाली तर त्यांचा आडोसा पुरत नाही, असा माझा युक्तिवाद राहील. विक्रेता एफआयएचा (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा) हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट पुढे करील, तर तो गाडीची तांत्रिक घडण त्या काळाला धरून आहे एवढंच सांगतो, तिच्या इतिहासाची हमी देत नाही. (हा कागद दाखवून गप्प बसवलेले पक्षकार मी पाहिलेत.)

तेव्हा प्रत्येक जोडाचे तारखेसह फोटो काढा, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून लेखी अहवाल घ्या आणि या आठवड्यातच नकाराची नोटीस जाऊ द्या. विक्रेत्याला खरं ठाऊक होतं असं निघालं, तर करार कायदा, १८७२च्या कलम १९ खाली करारच रद्द करता येतो; त्यासाठी मुदत खरं कळल्यापासून तीन वर्षं. गाडी जीव लावण्यासारखी वाटत असेल, तर ठेवून घेऊन किमतीतला फरक मागा. पण तेही लेखी ठरल्यावरच पाना हातात घ्या.

विक्रेत्याच्या पत्राची प्रत मला पाठवा. 'मूळचं' हा शब्द त्याने फक्त इंजिनापुढे लिहिलाय की अख्ख्या गाडीपुढे, ते मला बघायचंय.