ऑन्टारिओत प्राथमिक शिक्षिका व्हायचंय, तर तयारी कोल्हापुरातच सुरू करा

तुम्ही लिहिलंय की यजमानांचा कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) झालाय, वर्षभरात ऑन्टारिओ प्रांतात ब्रॅम्प्टनला यायचं ठरतंय, बी.ए., डी.एड., बी.एड. सगळं मराठी माध्यमातून झालंय, सध्या कोल्हापूरजवळच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर आहात आणि इथेही लहान मुलांनाच शिकवायचंय. त्यासाठी काय काय करून निघावं, हा एक प्रश्न. आणि 'तिकडे म्हणे सगळ्या प्रकारची मुलं एकाच वर्गात असतात, ते कसं निभावतं?' हा दुसरा. मी मूळची साताऱ्याकडची, तिथे शाळेवर होते, आता इथे, ब्रॅम्प्टन ज्यात येतं त्या पील भागात, दुसरीला शिकवते. दोन्हीचं उत्तर देते, पण दुसऱ्यावर जास्त लिहीन. कागदपत्रांचं काम चिवटपणे मागे लागलं की होतं. वर्गात मुलांकडे बघण्याची सवय मात्र लागायला वेळ लागतो, आणि ती तिथूनच लावून घेता येते.

आधी कागद. इथल्या सरकारी शाळेत शिकवायचं तर ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्सचं प्रमाणपत्र लागतं. नावात कॉलेज असलं तरी तिथे शिकवत नाहीत, शिक्षकांची नोंदणी करणारी ती संस्था आहे. पदवी अनिवार्य आहे, नुसत्या बारावीनंतरच्या डी.एड.वर भागत नाही. तुमच्याकडे पदवी आणि बी.एड. दोन्ही आहे, त्यामुळे पाया भक्कम आहे. इमिग्रेशनसाठी वेसकडून (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) मूल्यमापन करून घेतलं असेल, पण कॉलेज आपलं मूल्यमापन स्वतः करतं. गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे जावी लागतात. हे काम शिवाजी विद्यापीठाच्या खिडकीपाशी स्वतः उभं राहून करणं आणि इथून भावाला किंवा दिराला पिटाळत राहणं यात फार फरक आहे. निघण्याआधीच अर्ज टाका. शिक्षण मराठीतून झालंय म्हणून इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल. आयईएल्टीएस देणार असाल तर ॲकॅडमिक प्रकार घ्या. इमिग्रेशनसाठी बहुतेकांनी जनरल दिलेली असते, ती इथे उपयोगाची नाही.

यातली एक गोष्ट आपल्याकडच्या अनेक बी.एड. झालेल्यांना इथे आल्यावर कळते. इथे शिक्षकाचं प्रमाणपत्र इयत्तांच्या गटांप्रमाणे असतं: बालवाडी ते तिसरी प्रायमरी, चौथी ते सहावी ज्युनिअर, सातवी ते दहावी इंटरमीजिएट, अकरावी-बारावी सीनिअर. आपलं बी.एड. माध्यमिकसाठी, विषयाच्या पद्धतींवर बेतलेलं, म्हणून ते बहुधा वरच्या दोन गटांत धरलं जातं. मग लहान मुलांना शिकवायचं तर खालच्या गटांसाठीचा जादा अभ्यासक्रम करावा लागतो. तो ऑनलाइन होतो, पैसे लागतात, पण अशक्य काही नाही. शिवाय १ सप्टेंबर २०१५ पासून इथलं शिक्षक प्रशिक्षण चार सत्रांचं झालंय. तुमचं बी.एड. एक वर्षाचं असेल तर राहिलेला भाग पूर्ण करायच्या अटीवर प्रमाणपत्र मिळू शकतं. या सगळ्याची मनाची आणि खिशाची तयारी ठेवा.

नोकरी लगेच कायमची मिळत नाही. आधी बदली शिक्षक, रोज सकाळी वेगळी शाळा, मग कुणाच्या बाळंतपणाच्या रजेवर काही महिने एकच वर्ग, आणि मग कायम. हा क्रम इथे जन्मलेल्यांनाही चुकत नाही. प्रमाणपत्र येईपर्यंत शाळेत मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवण्याचं काम किंवा स्वयंसेवक म्हणून वाचन घेण्याचं काम मिळतं. ते कमी दर्जाचं समजू नका. शाळेच्या कामाची रीत तिथेच कळते, आणि मुख्याध्यापक तुम्हाला मुलांबरोबर बघतात. वसईकडच्या कॅथलिक मैत्रिणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: इथे कॅथलिक शाळांचीही सरकारी खर्चाने चालणारी मंडळं आहेत. तिथे अर्ज करायचा तर चर्चच्या फादरचं पत्र सहसा मागतात, तेही घेऊन या.

आता तुमचा दुसरा प्रश्न.

माझ्या वर्गात वीसेक मुलं आहेत. पहिली ते तिसरीच्या बहुतेक वर्गांना इथे २० चीच मर्यादा आहे. तुम्ही म्हणाल, वीसच? पण या विसांत काय काय असतं ते सांगते. एकाला ऑटिझम आहे. दोघी जणी या वर्षीच देशात आल्यात. एकाचं गणित चौथीच्या मुलासारखं आणि वाचन पहिलीच्या सुरुवातीचं. एकाला शेंगदाण्याची जीव जाईल इतकी ॲलर्जी आहे, त्याचं इंजेक्शन कुठे आहे आणि ते मांडीत कसं टोचायचं हे मला माहीत असणं कायद्याने बंधनकारक आहे. सबरीना नावाच्या एका मुलीचा शाळेतल्या खाण्यातल्या ॲलर्जीने मृत्यू झाला, त्यानंतर तिच्या नावाने हा कायदा झाला आणि २००६ पासून लागू आहे.

ऑटिझम असलेल्या मुलाचं उदाहरण जरा जवळून बघा. एका कामातून दुसऱ्या कामात जाणं त्याला फार जड जातं. वाचन संपलं, आता गणित, एवढं म्हटलं तरी तो कानांवर हात ठेवून टेबलाखाली जायचा. त्याच्या बाकावर आम्ही एक उभी पट्टी चिकटवली. तिच्यावर दिवसाच्या क्रमाने चित्रांची कार्डं: पुस्तक, आकडे, डबा, झोपाळा, घर. काम संपलं की तो स्वतः कार्ड उलटं करतो. बदल अचानक येऊन आदळत नाही, त्याच्याच हाताने होतो. आग लागल्याची तालीम असेल त्या दिवशी लाल कार्ड सकाळीच लावते आणि भोंगा वाजण्याआधी हेडफोन हातात देते. नंतर तशीच मोठी पट्टी फळ्याशेजारी सगळ्यांसाठी लावली, तर 'मिस, सुट्टी कधी?' हा प्रश्नच बंद झाला. काहींसाठी जे अत्यावश्यक, ते सगळ्यांना उपयोगी, हे तत्त्व इथल्या शिक्षण खात्याच्या मार्गदर्शनातच आहे. मुलाखतीत ते विचारतात. पण तुम्ही पाठ केलेली व्याख्या सांगण्यापेक्षा असं एखादं स्वतःच्या वर्गातलं उदाहरण सांगा.

मुलाखतीत हमखास येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आयईपी, एकेका मुलाची स्वतंत्र शिक्षण योजना. त्यात दोन प्रकारचे बदल असतात. एकात मुलाने गाठायचं ते तेच राहतं, वाट बदलते: जादा वेळ, मोठी अक्षरं, लिहिण्याऐवजी तोंडी उत्तर. दुसऱ्यात गाठायचंच बदलतं, म्हणजे चौथीतल्या मुलाला दुसरीचं गणित. हा फरक नीट समजून घ्या, कारण दुसरा प्रकार सहज लावला की मूल दरवर्षी थोडं थोडं मागे पडत जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आधी वाट बदलून बघायची, सगळे उपाय थकले तरच उंची कमी करायची, हे माझं ठाम मत आहे. मदतनीस असतात, पण एक जण तीन वर्गांत वाटलेला असतो. त्यांच्या भरवशावर योजना आखू नका.

भाषेबद्दल. जानेवारीत एक मुलगी पंजाबातून आली. कित्येक आठवडे तोंडातून शब्द नाही. नव्या भाषेत आलेली मुलं असा काळ घेतात, त्या वेळी त्यांच्याकडून बोलणं ओढून काढायचं नसतं. आम्ही 'माझ्या घरातली एक वस्तू' यावर लिहीत होतो. मी तिला म्हटलं, तुझ्या भाषेत लिही. तिने ट्रॅक्टर काढला, अगदी सायलेन्सरपासून मागच्या हुकापर्यंत, आणि प्रत्येक भागाशी गुरुमुखीत, म्हणजे पंजाबीच्या लिपीत, नाव लिहिलं. मला गुरुमुखी वाचता येत नाही. चौथीतल्या एका मुलाला बोलावलं, त्याने ते वर्गाला वाचून दाखवलं आणि तिने मान हलवून दोनदा त्याला दुरुस्त केलं. त्या दिवशी मला कळलं की हिला क्रम लावता येतो, वर्गीकरण येतं, लिहायला आवडतं. इंग्रजीच्या चाचणीत तिला शून्य मिळालं असतं. इथल्या मूल्यमापनाच्या धोरणात, २०१० पासून, पुरावा तीन ठिकाणांहून घ्यायला सांगितलंय: निरीक्षण, मुलाशी झालेला संवाद आणि मुलाने केलेलं काम. आपल्याकडे सारा भार तिसऱ्यावर, आणि त्यातही लेखी पेपरवर असतो. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी तुम्हीही करत असाल. त्या वर्षाअखेरीस एकदम न भरता रोजच्या रोज खऱ्या लिहायला लागा. 'अभ्यासात लक्ष देत नाही' असं नाही, तर 'वजाबाकीत हातचा घेताना दशकातून एक कमी करायला विसरला, मणी दिल्यावर जमलं' असं. अशी वही भरलेली शिक्षिका इथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

त्याची सुरुवात अशी करा: तुमच्या तिसरीच्या वर्गातली अशी तीन मुलं निवडा ज्यांच्याकडे तुमचं सहसा लक्ष जात नाही. दंगेखोर नकोत, हुशारही नकोत, मधल्या बाकावरची गप्प बसणारी घ्या. महिनाभर त्यांच्याबद्दलच लिहा. त्यातली एखादी ऊसतोडीच्या हंगामात गावाबाहेर जाणारी असेल, एखाद्याच्या घरी कन्नड बोलत असतील. सर्वसमावेशक शिक्षण परदेशी जाऊन शिकायचं, असं मला अजिबात वाटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा नेली, मूल येत नाही तर शाळेने जायचं म्हणून. तुम्ही त्या परंपरेतून येताय, हे मुलाखतीत मान वर करून सांगा.

वाचन शिकवण्याची मात्र वेगळी तयारी करावी लागेल. मराठीत अक्षर आणि उच्चार जवळजवळ जुळतात, म्हणून बाराखडी पक्की झाली की मूल वाचतं. इंग्रजीत तसं नाही. इथल्या मानवी हक्क आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये वाचनाच्या हक्कावर अहवाल दिला. चित्र बघून, संदर्भावरून शब्द ओळखायला शिकवण्याची जी पद्धत चालत होती तिने डिस्लेक्सियाची (वाचायला शिकणं ज्यांना जड जातं अशी) आणि इतरही अनेक मुलं मागे राहतात, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्यानंतर सप्टेंबर २०२३ पासून पहिली ते आठवीचा नवा भाषा अभ्यासक्रम आला आणि ध्वनींपासून पद्धतशीर वाचन शिकवणं सक्तीचं झालं. तेव्हा फोनिक्स, म्हणजे ही ध्वनींवरून वाचन शिकवण्याची पद्धत, नीट शिकून या. स्वतःचे उच्चारही तपासा: आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना 'व' म्हणतो, 'बेड' आणि 'बॅड' यांत ढिलाई करतो. आपली बोलण्याची ढब बदलायची गरज नाही, ती कुणालाही खटकत नाही. पण ध्वनी शिकवताना तो स्वच्छ यायला हवा.

दोन गोष्टी जरा गंभीरपणे सांगते. मुलावर घरी मारहाण किंवा अत्याचार होतोय असा रास्त संशय आला, तर शिक्षकाने स्वतः बालसंरक्षण संस्थेला फोन करायचा असतो. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे जबाबदारी संपली, असं होत नाही. टाळलं तर ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ओळखीचं, आपल्या मराठी मंडळातलं कुटुंब असलं तरी हेच. मी सांगते, पहिला फोन करताना हात थरथरतात. तरी करायचा. आणि हात उगारणं, कान धरणं, वर्गासमोर पाणउतारा करणं इथे पूर्ण बंद आहे. आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ते बंद आहे, तेव्हा ही सवय कुठे थोडीफार उरली असेल तर आजच सोडा.

दुसरी गोष्ट जातीची. ती आपण सामानाबरोबर आणतो. 'तुम्ही कुठले, आडनाव काय' अशी चौकशी पालक इथेही करतात, आणि मुलं ती घरून ऐकून मैदानावर आणतात. टोरोंटोच्या शाळा मंडळाने मार्च २०२३ मध्ये हा प्रश्न मानवी हक्क आयोगाकडे नेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव मानवी हक्क कायद्यात बसतो अशी भूमिका जाहीर केली. शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना मैदानावरचा तो शब्द कळणारच नाही. तुम्हाला कळेल. म्हणून त्या क्षणी बोलण्याची जबाबदारी तुमच्यावर जास्त आहे.

सामानात स्वयंपाकघराची भांडी थोडी कमी घ्या आणि मराठी बालपुस्तकांची एक पिशवी घ्या. मुख्याध्यापकांकडून इंग्रजीत अनुभवपत्र घ्या: कुठल्या इयत्ता, किती वर्षं, पटावर किती मुलं, सही-शिक्क्यासह. पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही तिथेच काढा. गुणपत्रकांचा अर्ज मात्र या आठवड्यातच टाका, परीक्षांचे निकाल लागायच्या दिवसांत विद्यापीठात कुणी उभं करत नाही.