दगड फुटतो, पण कपची निघत नाही

प्रश्न : नमस्कार सर. व्हिडिओ बघून बघून दगडाची हत्यारं बनवायचा नाद लागलाय. घरामागे रस्त्याच्या कामाची खडी पडलीये, त्यातले मोठे दगड घेऊन हातोडीने मारतो पण ती पातळ कपची काही निघत नाही, एकतर दगडाचे दोन-तीन तुकडे होतात नाहीतर कडेचा नुसता भुगा. चकमकीचा दगड आपल्याकडे कुठे मिळेल? – एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : आधी ती खडी सोडा. सुरुंग लावून काढलेला दगड तो, आतून बारीक भेगा गेलेल्या असतात, तुम्ही कुठंही मारा, तो त्याच्या भेगेवरच फुटणार. दगड घेताना दुसऱ्या दगडाने वाजवून बघायचा, खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर तिथंच टाकायचा. युरोपात खडूच्या थरांत सापडते तशी चकमक आपल्या बेसाल्टच्या मुलखात नाही, पण अडतंय कुठं? बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेल्या गारगोट्या, म्हणजे चाल्सेडनी, अकीक, जास्पर वगैरे, तुमच्या प्रवरेच्या गोट्यांतच मिळतील. तिकडे नेवाशाजवळ चिरकीला अश्मयुगातल्या माणसांनी साध्या काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी केल्यात, आणि लाखो वर्षांनंतर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरणाऱ्या, शेतकऱ्यांनी चाल्सेडनीची सरळसोट पाती काढली. फक्त गारगोटी सहसा मुठीएवढीच, त्यामुळे वीतभर लांब भाल्याचं टोक वगैरे सध्या डोक्यातून काढा.

आता मारायचं कुठं ते. खिडकीच्या काचेला छरा लागला की मागच्या बाजूने शंकूच्या आकाराचा तुकडा उडतो, बघितलंय ना? गारगोटीतही ठोका असाच शंकूसारखा पसरत जातो. मधोमध हाणलं की तो सगळा दगडाच्या पोटात जातो आणि दगडाचे तुकडे होतात, तुमचं तेच होतंय. म्हणून वरची सपाटी आणि बाजू यांच्यातला कोन 90 अंशांपेक्षा कमी आहे अशी कड शोधायची आणि कडेच्या जरासंच आत मारायचं. दगड मांडीवर धरलेला असतो, कपची निघते त्याच्या खालच्या, मांडीकडच्या बाजूने, आणि नवशिके वरच बघत बसतात! त्या खालच्या बाजूवर उभा कंगोरा असेल तर कपची त्याच्या रेषेत लांब जाते. इनामगावची पाती याच युक्तीची, आधी गाभ्याच्या, म्हणजे ज्यातून पाती काढायची त्या मूळ दगडाच्या, दोन्ही अंगांनी बारीक कपच्या काढून एक नागमोडी कंगोरा मुद्दाम तयार करायचा, मग त्याच्या वरच्या टोकावरून पहिलं पातं काढायचं, आणि ते निघाल्यावर मागे जे दोन कंगोरे राहतात ते पुढच्या पात्यांना वाट दाखवतात. डोकेबाज लोक होते, मी तर म्हणतो आपल्या आजच्या कारागिराइतकेच.

आणि भुगा होतो त्याचं कारण कड घासत नाही. निघालेली कड कागदासारखी पातळ असते, ठोका झेपतच नाही तिला. प्रत्येक ठोक्याआधी कुरुंदाच्या तुकड्याने ती खरखरीत घासून बोथट करायची, कंटाळवाणं काम आहे, व्हिडिओत बहुतेक कापून टाकलेलं असतं, पण अर्धा वेळ त्यातच जायला हवा. कपची मध्येच पायरीसारखी तुटली तर त्याच जागी पुन्हा पुन्हा हाणत बसू नका, पायरी वाढतच जाते, समोरच्या कडेवरून कपची काढून ती साफ करा.

प्रश्न : परदेशी लोक हरणाच्या शिंगाने ठोकतात. ओळखीचा एकजण जंगलात पडलेलं सांबरशिंग देतो म्हणतोय, घेऊ का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : अजिबात नको. गळून पडलेलं असलं तरी वन्यजीव कायद्यात अडकाल. सुरुवातीला नदीतला अंड्याच्या आकाराचा, हातात बसणारा गुळगुळीत गोटा पुरे. मऊ ठोक्यासाठी बाभळीचा किंवा खैराचा चांगला वाळलेला दांडका चालतो, आणि शेवटची बारीक धार दाबून काढायला अर्थिंगची जाड तांब्याची तार लाकडी मुठीत बसवून टोकदार करा. गुजरातेतल्या खंभातचे अकीकवाले तर वेगळंच करतात, जमिनीत टोकदार लोखंडी सळई रोवलेली असते, दगड तिच्या टोकाला टेकवून धरायचा आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टोला द्यायचा, कपची निघते सळईच्या बाजूने. त्याआधी अकीक उन्हात वाळवून, राखेत हळूहळू तापवून घेतात, त्यानं तो सोपा फुटतो. बघायला सोपं वाटतं, पण पोरं लहानपणापासून बापाशेजारी बसून शिकतात ते.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, त्यालाही शिकायचंय. बाटलीच्या काचेवर शिकवलं तर चालेल का? – एक आई, पुणे

उत्तर : ताई, बाटलीचा जाड बूड सरावाला झकास. कॅलिफोर्नियातला इशी, 1911 साली जंगलातून एकटाच बाहेर आलेला ‘याही’ या आदिवासी जमातीचा माणूस, सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये लोकांसमोर काचेची सुंदर बाणाग्रं करून दाखवायचा. पण मुलाला ठोकायला नका देऊ, मांडीवर आणि तळहातात जाड चामडं ठेवून नुसतं तारेनं दाबायचं काम द्या, आणि शेजारी तुम्ही बसा. डोळ्याला गॉगल लागणारच. दगडावर आलात की मास्कही, कारण गारगोटीची धूळ फुप्फुसात बसते, खंभातला अकीक घासणाऱ्यांचा सिलिकोसिस उगाच कुप्रसिद्ध नाहीये. बंद खोलीत किंवा गॅलरीत नको, अंगणात ताडपत्री अंथरून बसा आणि नंतर कोरडा झाडू मारू नका, पाणी शिंपडून गोळा करा.

हे श्रीरामपूरवाल्यांनाही सांगतो, कपच्या शेतात किंवा नदीकाठी फेकू नका. अनवाणी माणसाचा पाय कापतोच, शिवाय तिथं खरोखरची जुनी हत्यारं पडलेली असतात, उद्या कुणी संशोधक आला तर तुमची कपची आणि दहा हजार वर्षांपूर्वीची यात त्याचा गोंधळ उडेल. खड्ड्यात पुरा आणि वर एक चालू वर्षाचं नाणं टाका, परदेशातले बरेच हौशी लोक असंच करतात. आणि जुनं काही दिसलंच तर उचलू नका, जागेवरच फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा.