एम.ए., बी.एड. झालेल्या भारतीयाला परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते का, की नेटिव्हच (जन्मापासून इंग्रजी बोलणारा) लागतो?

मिळते. मला 2017 ला मिळाली होती, व्हिएतनाममधल्या हायफाँगला, आणि मी सोलापुरातल्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेय. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय ना, "शिकलेलं इंग्रजी ते शेवटी शिकलेलंच", ते वाचून राहवेना म्हणून हे लिहितेय.

आमचं घर अशोक चौकाकडं, वडील पॉवरलूमवर. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, बाजारात हिंदी, आणि इंग्रजी थेट पाचवीपासून. एम.ए., बी.एड. करून 6 वर्षं तासिका तत्त्वावर काढली, मग बाहेरचं बघायचं ठरवलं. गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) सगळं घर जमलेलं असताना बावा (थोरल्या बहिणीचे मिस्टर, स्वतः कॉन्व्हेंटचे) सगळ्यांसमोर म्हणाले, "पाचवीत एबीसीडी गिरवलेली तिकडं जाऊन काय शिकवणार?" मी गप्प बसले, आईसुद्धा काही बोलली नाही, ते मला अजून लागतं.

हायफाँगला पहिल्याच आठवड्यात मला एका नेटिव्ह सरांच्या वर्गात मदतीला बसवलं. पोरं हाऊसला 'हाऊ' म्हणायची, नाइसला 'नाय', शेवटचा उच्चार गायब. सर चांगले होते मनाने, पण ते तोच शब्द पुन्हा पुन्हा, दर वेळी जरा मोठ्यानं म्हणायचे, कारण ही अडचण नेमकी कुठून येते हे त्यांना कधी कळायची गरजच पडली नव्हती. मला मात्र लगेच दिसलं, कारण आमच्या गल्लीतली तेलुगू पोरं बरोबर उलटं करतात, बसला 'बस्सु', बुकला 'बुक्कु'. तेलुगूत शब्द बहुतेक स्वरावर संपतो म्हणून आपण शेवटी स्वर चिकटवतो आणि व्हिएतनामीत शब्दाच्या शेवटी 'स' येतच नाही म्हणून ती पोरं तो गिळतात. मी पुढचा शब्द जोडून दिला, 'हाऊस इज' असं सुटं न म्हणता 'हाऊ-सिज', तो 'स' पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला आला की त्यांना बरोबर जमायचा, मग हळूहळू मागं सरकवायचा. अर्ध्या तासात निम्मा वर्ग 'हाऊस' म्हणायला लागला. मागं बसलेल्या सुपरवायझर बाईंनी पुढच्या महिन्यात मला परीक्षेची बॅच दिली. बावा, मी हे शिकवते तिकडं.

पण पगार? त्या सरांचा तासाचा रेट माझ्यापेक्षा जास्त. माझ्याकडं सेल्टा होतं (इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं सर्टिफिकेट, सहा तास प्रत्यक्ष वर्ग घ्यावे लागतात त्यात, मागं परीक्षक बसलेला असतो), त्यांच्याकडं काहीच नव्हतं. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, पालक चेहरा बघून फी भरतात. हा सरळ अन्याय आहे आणि मी तो 2 वर्षं सहन केला, तुम्ही मात्र रेट आधीच विचारा.

आता तुमचं. नेटिव्ह म्हणजे भाषा नाही, पासपोर्ट. कोरियाचा ई-टू (भाषा शिकवण्याचा) व्हिसा मुख्यतः 7 देशांच्या लोकांसाठी आहे. जपान शाळेत शिकवायच्या व्हिसाला 12 वर्षं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण मागतं, म्हणजे माझ्यासारखीला ते दार बंदच. चीन तर इंग्रजी मातृभाषाच हवी म्हणतो, आणि आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 ला तिकडं जाऊन चिनी शिकले आणि चिनी पोरांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवलं, ते चाललं होतं. त्यामुळं तिथं डोकं आपटू नका. व्हिएतनाम, थायलंड बघा, आखातातल्या शाळा बघा, मालदीव तर भारतीय शिक्षक कितीतरी वर्षं घेतोय. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा चांगला स्कोअर आणि शक्य असेल तर सेल्टा, 120 तासांच्या स्वस्त ऑनलाइन सर्टिफिकेटवर फार विसंबू नका.

एजंटचं सांगायचं राहिलं. मला इथल्या एकानं 90 हजार मागितले होते आणि वर म्हणाला टुरिस्ट व्हिसावर चला, वर्क परमिट तिकडं करू. असं अजिबात करू नका. सरकारी नियमानं नोंदणीकृत एजंटला 30 हजार अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते आधी तपासा. मी नंतर थेट अर्ज केले, 40 पाठवले, 5 उत्तरं आली.

हे सगळं माझ्या वेळचं, नियम बदलतात, त्या त्या दूतावासाच्या साइटवर बघूनच पुढं जा. कागदांना वेळ धरा, मी डिग्रीच्या अटेस्टेशनसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईच्या तीन खेपा केल्या. आणि डिग्रीवरचं नाव नि पासपोर्टवरचं नाव एकच आहे का ते आजच काढून बघा, लग्नानंतर माझं जुळत नव्हतं, गॅझेटमध्ये नावाचा बदल छापून घेण्यात दोन महिने गेले आणि तोवर पहिली ऑफर गेली.