लहान कुत्र्याचे कान : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

प्रश्न : आमच्याकडे साडेचार किलोची शिह त्झू आहे. दर आंघोळीनंतर मी इअरबडने तिचे कान साफ करते. बडला मळ लागतो, तरी दोन-तीन दिवसांत ती पुन्हा डोकं झटकते, कान खाजवते. साफ करूनही असं का?

उत्तर : बडला लागतो तो वरवरचा मळ. उरलेला आत ढकलला जातो. कुत्र्याच्या कानाची नळी माणसाच्या कानासारखी जवळपास सरळ नसते. कानाच्या तोंडापासून ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते. बड उभ्या भागात फिरतो आणि मळ नेमका वळणावर ठासून बसवतो. त्यामागे ओल अडकते, त्वचा सुजते, खाज सुटते. त्यातच नळीची त्वचा इतकी नाजूक की घासण्याने तिच्यावर बारीक ओरखडे पडतात. तेव्हा बड आजपासून बंद. मात्र तिला आत्ता खाज आहे, म्हणून घरी काहीही घालण्याआधी पशुवैद्यांकडून ओटोस्कोपने, म्हणजे कानात डोकावायच्या दिव्याच्या उपकरणाने, कान तपासून घ्या. पडदा शाबूत आहे हे कळल्यावरच पुढच्या उत्तरातली पद्धत वापरा.

प्रश्न : घरी कान साफ करण्याची योग्य पद्धत टप्प्याटप्प्याने सांगाल का? क्लीनर आणलाय, पण घालायला हात धजत नाही.

उत्तर : आत जाऊन मळ काढायचा नसतो, तो सुटा करून वर आणायचा असतो. ते काम क्लीनर आणि कुत्र्याचं स्वतःचं डोकं झटकणं, हे दोघे मिळून करतात. तुमचं काम वर आलेलं पुसून घेण्यापुरतंच.

कुत्र्यांसाठीचा इअर क्लीनर, गॉझचे (जखमेवर बांधतात त्या जाळीदार कापडाचे) चार-पाच तुकडे, एक जुना टॉवेल आणि त्याच्या आवडीचा खाऊ जवळ घेऊन बसा. कापसापेक्षा गॉझ बरा, कारण कापसाचे तंतू सुटून कानात राहतात. बाटली आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवा आणि एक थेंब मनगटावर टाकून पाहा. गरम लागता कामा नये. थंड द्रव नळीत गेला की कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागालाही तो गारवा पोचतो. काही कुत्र्यांना क्षणभर भोवळ येते आणि पुढच्या वेळी बाटली दिसताच ते पलंगाखाली शिरतात.

लहान कुत्र्याला उंच टेबलावर घेऊ नका. उडी मारली तर पाय मोडतो. जमिनीवर बसून त्याची पाठ आपल्या पोटाला टेकेल असं धरा. कानाची पाळी दोन बोटांत पकडून वर आणि किंचित बाहेर धरा, म्हणजे नळी थोडी सरळ होते. ओढू नका. बाटलीचं टोक कानाच्या तोंडाशी ठेवा, आत खुपसून भोक बंद करू नका. भोक बंद करून बाटली दाबली तर सगळा दाब पडद्यावर जातो.

किती घालायचं, इथेच बहुतेकांचा हात आखडतो. दोन-तीन थेंबांनी फक्त वरचा भाग ओला होतो, वळणापर्यंत काहीच पोचत नाही. चार-पाच किलोच्या कुत्र्याला एका कानात साधारण १ ते २ मिली लागतं. पण आकड्यापेक्षा, द्रव कानाच्या तोंडाशी दिसेपर्यंत घालायचं हे लक्षात ठेवा. आता पाळी न सोडता कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागच्या बाजूला बोटं न्या. तिथे कूर्चेची नळी बोटांना कडक लागते. ती अंगठा आणि तर्जनीत धरून २० ते ३० सेकंद हलकेच चोळा. पचपच असा आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर एकतर द्रव कमी पडलाय किंवा बोटं फार वर आहेत.

मग कुत्र्याला मोकळं सोडा आणि टॉवेल आडवा धरा. तो डोकं झटकेल, वळणावरचा सुटलेला मळ वर येईल. बोटाला गॉझ गुंडाळून पाळीच्या घड्या आणि कानाचं तोंड पुसा. बोट सहज जाईल तिथेच थांबायचं. दोन-तीन किलोच्या कुत्र्याला करंगळीसुद्धा जाड पडते, तिथे बाहेरूनच टिपून घ्या. गॉझ फारच काळा निघाला तर आणखी एकदा करा, तिसऱ्यांदा नको. दुसऱ्या कानाला नवा गॉझ. बाटलीचं टोक कानाला लागलं असेल तर ते स्पिरिटने पुसून कोरडं करून मगच झाकण लावा, नाहीतर एका कानातला संसर्ग दुसऱ्या कानात जातो.

द्रव घालताच कुत्रा वारंवार गिळायला, खोकायला किंवा शिंकायला लागला तर लगेच थांबा. पडद्याला भोक असेल तर द्रव मधल्या कानातून घशाकडे उतरतो. त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.

प्रश्न : दर रविवारी कान धुतले तर चालेल?

उत्तर : निरोगी कानाला त्याची गरज नसते. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळ आपसूक वर आणते. दर रविवारी कान पाहा आणि हुंगा. आतून फिकट गुलाबी, वास जवळजवळ नाही, मळाचा पातळ पिवळसर किंवा फिकट तपकिरी थर, असं असेल तर हात लावू नका. पॉमेरेनियन, चिवावा अशा उभ्या कानांच्या कुत्र्यांचे कान महिनोन्‌महिने साफ करावे लागत नाहीत. लोंबत्या कानांच्या किंवा वरचेवर मळ साठणाऱ्या कुत्र्याला दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरे. पोहल्यानंतर किंवा कानात पाणी गेलं असेल तर मात्र त्याच दिवशी, ओल सुकवणारा क्लीनर वापरून. उगाच वारंवार धुतलं तर त्वचा ओलसर राहून फुगते आणि यीस्टला, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीला, आयतं घर मिळतं.

प्रश्न : हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर, तेल यांपैकी काय चांगलं? मागच्या वर्षीचे ड्रॉप्सही उरलेत.

उत्तर : यांपैकी काहीच नाही. पेरॉक्साइडचा फेस पाहून कान स्वच्छ झाल्यासारखा वाटतो, पण त्याने त्वचा चिडते आणि मागे ओल उरते. व्हिनेगर किंवा स्पिरिट सुजलेल्या, ओरखडलेल्या कानात गेलं की भयंकर झोंबतं. तेलात मळ चिकटून बसतो आणि तपासताना पडदा दिसेनासा होतो.

उरलेले ड्रॉप्स तर सर्वांत धोक्याचे. कानाच्या अनेक औषधांत जेंटामायसिनसारखं प्रतिजैविक असतं. पडदा फाटलेला असेल आणि ते आतल्या कानापर्यंत पोचलं तर बहिरेपणा येऊ शकतो, तोल जाऊ शकतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचंही तेच. शिवाय मागच्या वर्षीचा आजार आणि आत्ताचा आजार एकच असेल असं नाही.

क्लीनर घेताना लेबल वाचा. सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक ॲसिड असलेले क्लीनर मळ सैल करतात आणि ओल कमी करतात. कान लाल असेल तर अल्कोहोल नसलेलाच घ्या.

प्रश्न : ल्हासा आप्सोच्या कानातले केस उपटावेत का? ग्रूमर दर वेळी उपटतो.

उत्तर : यावर पशुवैद्यांमध्ये एकमत नाही. आमचं मत असं की कान निरोगी असेल तर केसांना हात लावू नये. उपटलेल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक जखम होते आणि सूज तिथूनच सुरू होते. केसांचा बोळा होऊन नळी बंद होत असेल, किंवा औषध आत जात नसेल, तर थोडे थोडे काढावेत. तेही कान दुखत नसताना. तोंडाशी आलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने कापले तरी पुष्कळदा भागतं.

प्रश्न : आमचा पग कानाला हात लावूच देत नाही. दोघांनी दाबून धरावं लागतं.

उत्तर : पगला दाबून धरू नका. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना आधीच श्वास घेणं कठीण जातं. त्यातच त्यांचे डोळे उथळ खोबणीत असतात. मानेची कातडी ताणून घट्ट पकडलं तर डोळा खोबणीबाहेर येण्याचा धोका असतो. काही दिवस नुसता कानाला हात आणि लगेच खाऊ, मग पाळी उचलणं आणि खाऊ, मग रिकामा गॉझ. क्लीनर सगळ्यात शेवटी. बाटली नको वाटत असेल तर क्लीनरमध्ये भिजवलेला गॉझ तोंडाशी धरून पिळा. आधी करू देणारा कुत्रा अचानक गुरगुरायला लागला असेल तर तो हट्ट नसतो, कान दुखत असतो.

प्रश्न : कानातून तपकिरी मळ येतोय आणि वासही. घरी किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : वास आला की वाट पाहू नये. आंबूस वासाचा तपकिरी, तेलकट मळ बहुधा यीस्टचा असतो. पिवळा-हिरवट पू असेल तर जीवाणूंची शक्यता जास्त. काळा, कोरडा, कॉफीच्या चोथ्यासारखा मळ आणि प्रचंड खाज, त्यातून पिल्लू असेल तर माइट्सचा (कानात होणाऱ्या बारीक किड्यांचा) संशय घ्या. ते घरातल्या दुसऱ्या कुत्र्या-मांजरांनाही होतात. पण रंगावरून फक्त अंदाज बांधता येतो, खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. वारंवार असंच होत असेल तर मुळाशी बहुतेक वेळा ॲलर्जी असते, आणि ती न शोधता कान कितीही धुतले तरी त्रास परत येतो.

मान एका बाजूला कलली, चालताना तोल जातोय, बुबुळं आपोआप हलताहेत, किंवा पाळी फुगून मऊ झालीय, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. पाळी फुगते ती जोरात डोकं झटकून आत रक्त साठल्यामुळे. सुईने टोचून ते काढायचा प्रयत्न घरी करू नका.

प्रश्न : डॉक्टरांनी ड्रॉप्स दिलेत. आधी क्लीनर की आधी ड्रॉप्स?

उत्तर : आधी क्लीनर, कारण मळावर पडलेलं औषध त्वचेपर्यंत पोचत नाही. कान पुसून १५ ते ३० मिनिटं सुकू द्या, मग ड्रॉप्स. अपवाद एकच : डॉक्टरांनी स्वतः दवाखान्यात दीर्घकाळ टिकणारं जेल घातलं असेल, तर ते सांगतील तोवर कान अजिबात धुवायचे नाहीत, धुतलं की जेल निघून जातं.

प्रश्न : कानात गोचीड दिसली तर?

उत्तर : पाळीवर असेल तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर, सावकाश ओढा. पिळू नका, तिच्यावर तेल किंवा रॉकेल ओतू नका. नळीच्या आत असेल तर स्वतः चिमटा घालू नका. पशुवैद्यांनाच काढू द्या.