20 लाखांचा शस्त्रविमा: आधी परवाना, मग प्रीमियम

प्रश्न थोडक्यात: वडील दीड वर्षापूर्वी गेले. त्यांच्या परवान्यावरची 12 बोअरची दुनळी आणि .315 रायफल सध्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे. वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज केला आहे. गावच्या वाड्यात 7 तलवारी, 2 कट्यारी, एक दांडपट्टा, ढाल आणि एक तोड्याची (पेटत्या वातीने डागायची जुनी) बंदूक आहे. वाडा माझ्या व धाकट्या भावाच्या नावावर सामाईक आहे. आम्ही दोघेही शहरात राहतो, वाड्यावर एक राखणदार असतो. एजंट म्हणतो, सगळ्या संग्रहाची मिळून 20 लाखांची ‘ऑल रिस्क’ (वगळलेले सोडून सगळ्या धोक्यांची) पॉलिसी घ्या, वर्षाला 24,000 रुपये. दाव्यात 5 टक्के किंवा 25,000 रुपये, यातली मोठी रक्कम आम्ही सोसायची, ही वजावट. वाड्यावर भारत गृह रक्षा पॉलिसी आधीच आहे. ही नवी घ्यावी का?

उत्तर: आजच्या स्वरूपात घेऊ नका. 24,000 रुपये महाग आहेत म्हणून नव्हे. एजंटाने तीन वेगळ्या प्रकारच्या वस्तू एका आकड्यात कोंबल्या आहेत, आणि त्यातल्या एका प्रकाराचा विमा तुमच्या नावाने आज निघूच नये अशी स्थिती आहे.

सुरुवात दोन बंदुकांपासून करू. त्या वाड्यात नाहीत, विक्रेत्याच्या तिजोरीत आहेत. परवानाधारक गेल्यावर शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, ते तुम्ही केलेत. पण पॉलिसीवर पत्ता वाड्याचा पडणार, म्हणजे ज्या जागेचा विमा तिथे वस्तूच नाही. शिवाय वारस म्हणून तुमचा हक्क असला, तरी परवाना हातात येईपर्यंत ती शस्त्रे ताब्यात घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही. अशा वेळी दावा आला की कंपनीचा पहिला प्रश्न नुकसानीचा नसतो, ‘तुमचा विमायोग्य हितसंबंध काय?’ हा असतो, म्हणजे वस्तू गेल्याने कायद्याने तुमचे नुकसान काय होते. तोपर्यंत विक्रेत्याची जमा पावती हाच तुमचा विमा समजा. तिच्यावर मेक, बोअर, नळीवरचा क्रमांक आणि जमा करतानाची स्थिती लिहिलेली नसेल, तर आत्ताच लिहून घ्या. ‘दुनळी 1 नग’ एवढ्यावर उद्या काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक धोका कोणतीच पॉलिसी उचलत नाही. ठरलेल्या मुदतीत तुमचा परवाना झाला नाही, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या कुणाला ती शस्त्रे विकली गेली नाहीत, तर शस्त्र कायद्याच्या कलम 21 खाली ती सरकारजमा होऊ शकतात. सरकारी जप्ती विम्याच्या बाहेर असते. म्हणून बंदुकांच्या बाबतीत या वर्षी पैसा नव्हे, पाठपुरावा खर्च करायचा आहे. मर्यादाही लक्षात असू द्या: 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त 2 अग्निशस्त्रे ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजली जातात. तुमच्या नावावर आधीच एखादे पिस्तूल असेल, तर या दोन्ही तुम्हाला मिळणार नाहीत. एकीसाठी भावाने अर्ज करावा.

परवाना आला असे धरू. तरीही या दोघींसाठी स्वतंत्र विमा मी सुचवणार नाही. तुमच्याच अंदाजाने दोन्ही मिळून अडीच लाखांच्या आहेत. एजंटाच्या दराने, म्हणजे 1.2 टक्क्याने, त्यांच्या वाट्याला वर्षाला 3,000 रुपये येतात. हे स्वस्त वाटते, पण 25,000 ची वजावट पाहा. बंदुकीला प्रत्यक्षात काय होते? कुंदा तडकतो, नळीत गंजाचे खड्डे पडतात, चापाची स्प्रिंग तुटते. गंज आणि झीज मुळातच वगळलेली असते, आणि कुंद्याचा खर्च वजावटीच्या आतच संपतो. उरतात चोरी आणि आग. तेवढ्यासाठी अडीच लाख तुमच्या आकस्मिक निधीतून निघू शकत असतील, तर तो धोका स्वतःकडेच ठेवा आणि 3,000 रुपये त्याच निधीत टाका. निघणार नसतील, तरच चोरी-आगीपुरता विमा घ्या.

तेव्हा पॉलिसीत एक वाक्य मात्र हवे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रे जमा करण्याची नोटीस येऊ शकते, आणि ती आली की बंदूक काही आठवडे पोलिस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जाते. ‘विमित पत्त्यावर असतानाच संरक्षण’ अशी अट असेल, तर तेवढे दिवस प्रीमियम भरूनही विमा शून्य. जमा काळातील जागा पॉलिसीत समाविष्ट केल्याचे एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेली लेखी दुरुस्ती) मागा. जमा करण्यापूर्वी नळी आतून-बाहेरून कोरडी करून तेलाचा पातळ हात द्या आणि क्रमांकासह फोटो काढा. पोलिसांच्या मालखान्यातून परत आलेल्या बंदुकीवर गंज दिसला, तर तो कधीचा यावर वाद घालायला दुसरा पुरावा नसतो.

आता तोड्याची बंदूक. ही यादीतली सगळ्यात फसवी वस्तू आहे. घरात सगळे तिला ‘शोभेची’ म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. जुन्या बनावटीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला कलम 45 मध्ये सूट आहे, पण ते दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. नळी शाबूत आहे आणि रंजकाचे (बत्तीच्या दारूचे) छिद्र मोकळे आहे, तर केवळ 200 वर्षांची आहे म्हणून ती सुटत नाही. परवाना शाखेत लेखी अर्ज करून तिची तपासणी करून घ्या आणि ती निकामी असल्याची लेखी नोंद मिळवा. तो कागद नसताना ती विम्याच्या यादीत लिहिणे म्हणजे स्वतःच्या सहीने अडचण लिहून देणे. आणि छिद्र बुजवून घेऊ म्हणून गावच्या लोहाराकडे जाऊ नका, पुरातन मूल्यही जाईल आणि प्रश्नही सुटणार नाही.

खरा पैसा तलवारी-कट्यारींत आहे, आणि विम्याचा खरा निर्णयही तिथलाच. त्यांची कायदेशीर स्थितीही त्याच अर्जात विचारून घ्या. मोठ्या पात्याची शस्त्रेही शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात.

तुमच्याकडची भारत गृह रक्षा पॉलिसी आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल यांसाठी चांगली आहे. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत घरातील सामान तिच्यात आपोआप येते. पण दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. एक, पुराण्या दुर्मीळ वस्तू या सामान्य सामानात धरल्या जात नाहीत. ‘मौल्यवान वस्तू’ हे पर्यायी कलम वेगळे घ्यावे लागते. दुसरी, चोरी. तिथे फक्त आग-पूर अशा विमित घटनेनंतर 7 दिवसांत झालेली चोरी भरून मिळते. एरवी रात्री कुणी दार फोडले तर या पॉलिसीतून काहीच नाही. स्फोटक पदार्थही वेगळे नमूद केल्याशिवाय वगळलेले आहेत, त्यामुळे बंदुका घरी आल्यावर काडतुसे वेगळ्या कुलपात, संग्रहापासून लांब ठेवा.

म्हणून माझी मांडणी अशी: आग-पुरासाठी याच पॉलिसीत मौल्यवान वस्तूंचे कलम ‘ठरीव मूल्य’ पद्धतीने (किंमत कंपनीशी आधीच मान्य करून) जोडा, आणि चोरीसाठी वस्तूनिहाय यादी असलेली वेगळी पॉलिसी घ्या. या कलमात एकूण रक्कम 5 लाखांपर्यंत आणि प्रत्येक वस्तू 1 लाखापर्यंत असेल, तर मूल्यांकन प्रमाणपत्र लागत नाही. तुमचा आकडा त्याच्या बराच वर आहे, तेव्हा प्रमाणपत्र लागणारच, आणि लागावेही. बंदुकांचे अडीच लाख वजा केल्यावर उरणारा साडेसतरा लाख हा आकडा आला कुठून? तुमच्या पत्रावरून तो ऐकीव वाटतो. मूल्य आधी ठरवून घेतलेले नसेल, तर कंपनी नुकसानीच्या दिवशीची खरी किंमत देते, पॉलिसीवरचा आकडा नव्हे. 8 लाखांच्या वस्तू 17 लाखांना उतरवल्या तर जादा प्रीमियम पाण्यात. उलट 8 लाखांचा संग्रह 5 लाखांना उतरवला आणि 2 लाखांचे नुकसान झाले, तर सरासरीच्या अटीने (विमा जितका कमी, भरपाई त्याच प्रमाणात कमी) हातात 1,25,000 येतात, त्यातूनही वजावट जाते.

मूल्यांकन करणाऱ्याला ‘तलवार, जुनी’ असे लिहू देऊ नका. पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, पाते फिरंगी (युरोपीय) की देशी, जौहर (पोलादातली लहरदार नक्षी) दिसतो का, पात्यावर ठसा आहे का, मुठीवर कोफ्तगिरी (लोखंडावरचे सोन्याच्या तारेचे नक्षीकाम) किती टक्के शिल्लक आहे, म्यान मूळचे की नंतरचे, हे सगळे यायला हवे. प्रत्येक वस्तूचे निदान 6 फोटो काढा: दोन्ही बाजू, मूठ जवळून, ठसा, जुनी इजा आणि मोजपट्टी ठेवून एक.

कोफ्तगिरीवर थोडे थांबतो, कारण पैसा तिथेच गळतो. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरून त्यात सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. खालून गंज चढला की तार सुटते. मग दसऱ्याला कुणीतरी उत्साहाने पितळ घासायची पावडर घेऊन मूठ ‘चकाचक’ करतो आणि एका दुपारी सोने फडक्यावर उतरते. विमा कंपनीच्या लेखी हे नुकसान नव्हे, साफसफाईत झालेली हानी आहे, आणि ती वगळलेली असते. तसेच आगीत मूठ काळवंडली, तर कंपनी दुरुस्तीचा खर्च देईल. दुरुस्तीनंतरही वस्तूची किंमत निम्मी झाली असेल, तर तो फरक ‘मूल्यघट’ कलम असेल तरच मिळतो. जोडीचेही तेच. म्यान गेले आणि तलवार राहिली, तर फक्त म्यानाची किंमत की संपूर्ण जोडीची? हे पॉलिसीत शोधा.

चोरीच्या पॉलिसीत तुमच्या परिस्थितीला चार अटी बोचतील. घरफोडी म्हणजे बळाने आत शिरणे किंवा बाहेर पडणे, ही व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये उचलून धरली आहे. किल्लीने दार उघडून नेलेली कट्यार त्यात बसत नाही, त्यामुळे साध्या चोरीचे कलम वेगळे लागते. नोकरमाणसाने किंवा त्याच्या संगनमताने केलेली चोरी सहसा वगळलेली असते, आणि वाड्यावर बाराही महिने असतो तो राखणदारच. त्याच्यावर संशय घेत नाही, पण कंपनी पहिल्यांदा त्याच्याकडेच बोट दाखवेल. घर ठरावीक दिवसांहून जास्त रिकामे राहिले तर संरक्षण थांबते. राखणदाराची उपस्थिती ‘वास्तव्य’ धरली जाईल का, हे लेखी विचारा. आणि वस्तू सामाईक आहेत. पॉलिसी एकट्या तुमच्या नावाने असेल, तर कंपनी अर्धा हिस्साच देण्याचा मुद्दा काढू शकते. भावाचे नाव प्रस्तावातच घाला.

पहिल्या वर्षीचे 24,000 मी इथे घालेन: मूल्यांकन आणि फोटो, आणि भारी पोलादी कपाट. ते आतून 4 अँकर बोल्टने बसवा, पण पांढऱ्या मातीच्या भिंतीत नव्हे, तिथे बोल्ट हाताने उपटतो. जोत्याच्या दगडात किंवा फरशीखालच्या काँक्रीटमध्ये बसवा. भिंतीपासून 2-3 इंच जागा सोडा. पावसाळ्यात जुनी भिंत ओल सोडते. आत आर्द्रतामापक ठेवा, आकडा 60 टक्क्यांच्या वर गेला की सिलिका जेल बदला. पाती चामड्याच्या म्यानात ठेवू नका; चामडे ओल धरते आणि कमावतानाची आम्ले पाते खातात. म्यान शेजारी, पाते वेगळे. बक्षीस म्हणून कपाटामुळे पुढे प्रीमियमच्या वाटाघाटीलाही जोर येतो.

चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिस ठाण्यात आणि कंपनीला कळवा. बंदूक गेली तर विलंब न लावता कळवणे ही परवान्याचीच अट आहे. गुन्ह्यात वस्तूंचे वर्णन मूल्यांकनाच्या यादीतून शब्दशः द्या. एफआयआरमध्ये 5 तलवारी आणि दाव्यात 7, एवढ्यावर फाइल महिनोन्‌महिने अडते. तपास लागला नाही तर कंपनी ‘अ’ समरी मागेल, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा अहवाल. त्याला वेळ लागतो, तेव्हा दाव्याच्या पैशावर कुठलाही खर्च आखू नका.

पॉलिसी स्वीकारण्याआधी एजंटाकडून नव्हे, कंपनीच्या ईमेलवर एवढे लेखी घ्या: ठरीव मूल्य की बाजारभाव, साध्या चोरीचे कलम, नोकराच्या चोरीबद्दलची भूमिका, रिकाम्या घराची मुदत, जोडीचे कलम. आणि दावा मिळाल्यानंतर चोरीची वस्तू सापडली, तर ती कंपनीची होते. तेव्हा घेतलेली रक्कम परत करून आजोबांची तलवार तुम्हालाच परत मिळण्याचा पहिला हक्क राहील, हे वाक्य पॉलिसीत घालायला सांगा.